शिस्तभंगाची नोटीस आणि वैमानिकाचा कायदेशीर विमा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहात. अलीकडे दोन सहकाऱ्यांना अस्थिर अप्रोचवरून (उतरण्याआधी विमानाचा वेग, उंची किंवा दिशा ठरलेल्या मर्यादेत नसणं) कारणे दाखवा नोटिसा आल्या, त्यातल्या एकाला रोस्टरवरून, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकातून काढलं. म्हणून तुम्ही विचारताय की लीगल प्रोटेक्शन विमा (वकिलाचा खर्च देणारा) घ्यावा का, युनियनचं सदस्यत्व असताना त्याची गरज उरते का, आणि तुमच्या लॉस ऑफ लायसन्स पॉलिसीत हे सगळं येत नाही का. शेवटी जाता जाता लिहिलंय की मागच्या महिन्यातल्या एका फ्लाइटबद्दल ‘आपलं म्हणणं कळवा’ असा ईमेल तुम्हालाही आलाय, पण तो रुटीन असावा.

मी वकील आहे. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत त्यांच्या बाजूने उभं राहणं हेच माझं बरीच वर्षं मुख्य काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात खरी महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे. विमा कोणता घ्यावा हे नंतर पाहू. तो ईमेल आल्यानंतर तुम्ही दोन वेगवेगळ्या परिस्थितींत एकाच वेळी उभे आहात: एक, जी घटना घडून गेली आहे, दुसरी, जी अजून घडलेली नाही. नवा विमा फक्त दुसरीसाठी असतो.

कायदेशीर खर्चाचा विमा देणारी कंपनी दावा आल्यावर सगळ्यात आधी तारीख बघते. तुम्हाला नोटीस कधी मिळाली ही तारीख पुरेशी नसते. ज्या वर्तनावरून वाद सुरू झाला ते वर्तन कधीचं, हेही बऱ्याच पॉलिसींत पाहिलं जातं. म्हणजे अप्रोच मागच्या महिन्यातला, पॉलिसी या महिन्यातली आणि नोटीस पुढच्या महिन्यातली, तर दावा बहुधा नाकारला जाईल. शिवाय नोकरीविषयक वादांसाठी प्रतीक्षा काळ असतो. जर्मनीत तो साधारणपणे तीन महिन्यांचा असतो. आणि प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, एक प्रश्न असतोच: ज्यातून दावा उद्भवू शकेल अशी कोणती गोष्ट तुम्हाला आज माहीत आहे का? तुम्हाला आलेला ईमेल हे त्याचं उत्तर आहे. ‘नाही’ असं लिहून पॉलिसी घेतलीत तर फक्त त्या एका फ्लाइटचाच दावा बुडेल असं नाही, माहिती दडवली म्हणून अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. खरं लिहिलंत तर ती एक घटना वगळून बाकीचं कव्हर मिळण्याची शक्यता असते. तेवढं मिळालं तरी ते घेण्यासारखं आहे.

लॉस ऑफ लायसन्सचं उत्तर लगेच देऊन टाकतो. तो विमा मूलतः वैद्यकीय कारणासाठी असतो. आजार किंवा अपघातामुळे मेडिकल (उड्डाणासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं आणि उड्डाण थांबलं, तर ठरलेली रक्कम मिळते. कंपनीने बडतर्फ केलं, चेक राइडमध्ये (उड्डाण कौशल्याच्या चाचणीत) नापास झालात किंवा नियामकाने शिक्षा म्हणून परवाना निलंबित केला, तर त्याचा सहसा उपयोग नाही. नावामुळे गैरसमज होतो आणि तो दर वेळी चुकीच्या क्षणी लक्षात येतो.

आता मुख्य मुद्दा. ‘वैमानिकांसाठी कायदेशीर संरक्षण’ या नावाखाली विकली जाणारी उत्पादनं एकसारखी नसतात, कारण वैमानिकावर कारवाई तीन वेगळ्या ठिकाणी होऊ शकते. पहिलं ठिकाण नियोक्ता: नोटीस, चौकशी, निलंबन, पदावनती, बडतर्फी. दुसरं नियामक: परवाना, रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान किंवा उड्डाण करण्याची परवानगी), मेडिकल. तिसरं पोलीस आणि फौजदारी न्यायालय. एकाच घटनेतून तिन्ही दारं उघडू शकतात आणि तिन्हीकडचे नियम, मुदती, पुराव्याची पातळी वेगळी असते. मद्यचाचणीचं उदाहरण घ्या. भारतात उड्डाणापूर्वीची चाचणी पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा तो रद्दच होतो. पण नोकरी राहील की जाईल हे त्या तीन महिन्यांवर ठरत नाही. ते कंपनीच्या सेवाशर्तींवर ठरतं. नियामकापुढे तुलनेने हलकी शिक्षा झालेला माणूस कंपनीतून कायमचा बाहेर गेलेला मी पाहिला आहे. आणि याच्या उलटही पाहिलं आहे.

म्हणून ब्रोशर हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की ही पॉलिसी या तीनपैकी कुठे तुमच्यासोबत येते. अमेरिकेत वैमानिक संघटनांमार्फत मिळणाऱ्या कायदेशीर सेवा योजनांचा भर बराचसा एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या कारवाईवर असतो, म्हणजे चौकशीचं पत्र, परवाना निलंबन, मेडिकल यांवर. ते महत्त्वाचं आहेच, कारण तिथल्या मुदती अंगावर येतात. एफएएने तातडीचा आदेश काढून परवाना रद्द केला तर एनटीएसबीकडे (राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे) अपील करायला दहा दिवस मिळतात, आणि ‘हे प्रकरण तातडीचं नाहीच’ एवढंच म्हणायचं असेल तर दोन दिवस. पण तुमची भीती आहे कंपनीच्या चौकशीची. तिथे अशी योजना शांतपणे सांगेल की हा नोकरीचा वाद आहे, आमचा नाही. उलट साध्या कौटुंबिक कायदेशीर विम्यात नोकरीचे वाद असतात, पण विमान परवान्याचा विषय आला की अपवादाचं कलम पुढे येतं. दोन्ही पॉलिसी चांगल्या असूनही तुमच्या कामाच्या नसतील असं होऊ शकतं.

विमा किती उपयोगाचा हे तुम्ही कोणत्या देशाच्या कायद्याखाली नोकरी करता यावर फार अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन-तीन नमुने देतो. जर्मनीत लेखी बडतर्फी हाती पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो, नाहीतर ती बडतर्फी वैध धरली जाते. आणि पहिल्या पायरीवर तुम्ही जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही. अशा व्यवस्थेत विम्याचा हप्ता सरळ वसूल होतो. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने शिस्तभंगाच्या सुनावणीत सोबतीला सहकारी किंवा युनियन प्रतिनिधी नेण्याचा हक्क दिला आहे. वकील नेण्याचा हक्क त्यात नाही. तो सोबती तुमची बाजू मांडू शकतो, पण तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वतीने देऊ शकत नाही. म्हणजे तिथे विम्याने कितीही महाग वकील दिला तरी खोलीत बहुधा युनियनचा माणूसच बसणार. अमेरिकेतल्या युनियन असलेल्या कंपन्यांमध्ये बडतर्फीचा वाद सामूहिक करारातल्या तक्रार प्रक्रियेतून सिस्टिम बोर्डापुढे (कंपनी आणि युनियनच्या प्रतिनिधींचं मंडळ) आणि लवादाकडे जातो. ती वाट रेल्वे लेबर अ‍ॅक्टने (हा कायदा विमान कंपन्यांनाही लागू आहे) आखलेली आहे आणि ती प्रामुख्याने युनियनच चालते. तेव्हा विमा घेण्याआधी तुमच्या ठिकाणी सुनावणीला कोणाला बसता येतं, हे सेवा नियमावलीत वाचा. बरेच जण ती नियमावली नोटीस आल्यावर पहिल्यांदा उघडतात.

युनियन असताना विमा कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की शिस्तभंगाच्या प्रकरणात चांगली युनियन ही बऱ्याच पॉलिसींपेक्षा जास्त उपयोगाची असते. तिला कंपनीची माणसं माहीत असतात. याआधी अशाच अप्रोचवर कोणाला ताकीद देऊन सोडलं होतं आणि कोणाला सिम्युलेटरवर पाठवलं होतं हे तिला आठवतं, आणि ‘एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा’ हा मुद्दा चौकशीत फार वजनदार असतो. बाहेरच्या वकिलाला ही माहिती गोळा करायलाच पहिले काही आठवडे जातात.

पण युनियनच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे मदत करायची की नाही, किती खर्च करायचा, लवादापर्यंत जायचं की मधेच तडजोड करायची, हे बहुतेक ठिकाणी युनियनच ठरवते. विम्यात निदान कराराचा हक्क असतो; युनियनकडे तो बऱ्याचदा विवेकाधिकार असतो. दुसरी मर्यादा कॉकपिटमधली. कॉकपिटमध्ये दोघं असतात आणि दोघंही त्याच युनियनचे सदस्य असतात. अस्थिर अप्रोचच्या प्रकरणात चौकशी समितीचा पहिला प्रश्न असतो, ‘गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) कोणी म्हणायला हवं होतं?’ फर्स्ट ऑफिसर म्हणतो, मी दोनदा डिव्हिएशन कॉल केला, म्हणजे विमान मर्यादेबाहेर जातंय हे मोठ्याने सांगितलं. कॅप्टन म्हणतो, मला ऐकू आला नाही, किंवा तो स्पष्ट नव्हता. या क्षणी दोघांचे हितसंबंध वेगळे झाले. एकाच प्रतिनिधीने दोघांच्या बाजूने बोलायचं ठरवलं तर कोणाचं तरी उत्तर मऊ होतं, आणि तो कोणीतरी बहुधा ज्युनियर असतो. प्रामाणिक युनियन अशा वेळी दोघांना वेगवेगळे प्रतिनिधी देते. तुमची देते का, हे आजच विचारून ठेवा. देत नसेल तर वैयक्तिक विम्याच्या बाजूने मला यापेक्षा मोठं कारण माहीत नाही.

आता पॉलिसीचा मजकूर. सगळी कलमं इथे सांगत बसत नाही. ज्यांवरून मी प्रत्यक्षात भांडलोय तेवढीच सांगतो.

पहिलं, कव्हर कोणत्या टप्प्यापासून सुरू होतं. अनेक पॉलिसींत शब्द असतो ‘वाद’ किंवा ‘कायदेशीर कार्यवाही’. विमा कंपनीच्या मते कारणे दाखवा नोटीस म्हणजे अजून वाद नाही. अंतर्गत चौकशी म्हणजे कार्यवाही नाही. बडतर्फीचं पत्र आलं की या. पण शिस्तभंगाचं प्रकरण न्यायालयात क्वचितच जिंकलं जातं, ते नोटिशीच्या उत्तरात आणि पहिल्या सुनावणीत जिंकलं किंवा हरलं जातं. पुढे न्यायालय किंवा लवाद जे वाचतो ते तुम्ही पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘अंतर्गत चौकशी आणि सुनावणीपूर्व सल्ला समाविष्ट’ असं लेखी नसेल तर त्या पॉलिसीची किंमत माझ्या लेखी निम्मी होते. ब्रोकर तोंडी ‘हो, येतं ना’ म्हणेल. त्याला ईमेलवर कलम क्रमांक मागा.

दुसरं, यशाची शक्यता. ब्रिटिश धर्तीच्या पॉलिसींत अट असते की दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच पैसे मिळतील, आणि ते मूल्यमापन विमा कंपनीने नेमलेला वकील करतो. दिवाणी दाव्यात ही अट समजण्यासारखी आहे. पण शिस्तभंगात बचाव करणारा माणूस दर वेळी ‘जिंकायला’ आलेला नसतो. बडतर्फीऐवजी अंतिम ताकीद आणि पुन्हा प्रशिक्षण मिळालं तरी त्याची कारकीर्द वाचलेली असते. शिक्षा कमी करून घेणं हे यश मानलं जाईल का, हे विचारा.

तिसरं, वकील कोण निवडणार. युरोपीय संघात २००९ च्या सॉल्व्हन्सी टू निर्देशाच्या कलम २०१ नुसार न्यायालयीन किंवा प्रशासकीय कार्यवाहीत विमाधारकाला स्वतःचा वकील निवडता येतो, आणि २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्नेलर प्रकरणात स्पष्ट केलं की बाहेरच्या वकिलाची गरज आहे का हे आपण ठरवू असं म्हणून विमा कंपनी हा हक्क अडवू शकत नाही. इतरत्र बहुधा विमा कंपनीच्या पॅनेलवरचा वकील मिळतो. तो नोकरीच्या कायद्यात हुशार असेलही, पण त्याला स्टॅबिलायझेशन गेट (ज्या उंचीपर्यंत अप्रोच स्थिर व्हायलाच हवा ती) म्हणजे काय हे समजावण्यात पहिली बैठक जाणार असेल तर तुम्हीच त्याला शिकवणार. पॅनेलमध्ये विमान वाहतुकीचं काम केलेलं कोणी आहे का, आणि स्वतःचा वकील घेतला तर तासाला किती दर मान्य आहे, हे दोन प्रश्न पुरेत.

अपवादांबद्दल एकच सांगतो. जाणूनबुजून केलेलं कृत्य, मद्य, अमली पदार्थ, संप किंवा सामूहिक वाद हे बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. मात्र कंपन्या आरोपपत्रात ‘हेतुपुरस्सर उल्लंघन’ असे शब्द सर्रास घालतात. नुसत्या आरोपावर कव्हर बंद होतं, की आरोप सिद्ध झाल्यावर, हे पाहा. काही पॉलिसी सिद्ध होईपर्यंत खर्च देतात आणि सिद्ध झाल्यास परत मागतात. ती व्यवस्था मला मान्य आहे. नुसत्या आरोपावर हात झटकणारी पॉलिसी घेऊ नका. आणि हेही ध्यानात असू द्या की हा विमा वकिलाचा खर्च देतो. बुडालेला पगार, फ्लाइंग अलाउन्स किंवा दंड तो देत नाही. निलंबनाच्या काळात घर चालवायची तरतूद वेगळी ठेवावी लागते.

आता त्या ईमेलकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घाई तिथे आहे.

तो कोणत्या विभागाने आणि कोणत्या कलमाखाली पाठवला आहे ते आधी पाहा. फ्लाइट डेटा मॉनिटरिंगमधून (उड्डाणाच्या नोंदींच्या नियमित तपासणीतून) सेफ्टी विभागाने केलेली विचारणा आणि शिस्तभंगासाठी मागवलेलं स्पष्टीकरण यांत कागदोपत्री मोठी भिंत असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये अपघात तपासाचा हेतू दोष ठरवणं हा नाही असं स्पष्ट म्हटलंय. युरोपीय संघाच्या ३७६/२०१४ या नियमाने एक पाऊल पुढे जाऊन, कर्मचाऱ्याने दिलेल्या घटना अहवालाच्या आधारे नियोक्त्याने त्याला त्रास देऊ नये असं बंधन घातलंय. हेतुपुरस्सर गैरवर्तन आणि उघड धोक्याकडे केलेलं गंभीर दुर्लक्ष एवढाच अपवाद. पण अशी भिंत प्रत्येक देशात सारखी उंच नसते, आणि एका प्रक्रियेतलं संरक्षण दुसरीला लागू पडत नाही. अमेरिकेत नासाकडे (वैमानिकांचे सुरक्षा अहवाल तीच अवकाश संस्था गोळा करते) दहा दिवसांत अहवाल पाठवला तर अनवधानाने झालेल्या उल्लंघनात एफएएची शिक्षा टळू शकते, ही सोय १९७६ पासून आहे. कंपनीच्या शिस्तभंग समितीला त्याने काही बंधन येत नाही. हे न कळल्याने माणसं निर्धास्त राहतात.

तेव्हा उत्तर पाठवण्याआधी लेखी विचारा: ही विचारणा कोणत्या प्रक्रियेखाली आहे आणि माझं उत्तर कोणाकोणाला दिलं जाईल? नम्र दोन ओळी पुरतात. मुदत वाढवून मागा. ती सहसा मिळते. तोपर्यंत युनियनला कळवा, आणि आधीपासून काही कायदेशीर विमा असेल (घराच्या पॉलिसीला जोडलेला किंवा जोडीदाराच्या नावे असलेलासुद्धा) तर त्या कंपनीलाही आजच कळवा. ‘उगाच कशाला, प्रकरण मिटेल’ म्हणून थांबलेल्यांचे दावे उशिरा कळवल्याच्या कारणावरून फेटाळले जातात. कळवल्याने काही बिघडत नाही. मात्र पूर्वपरवानगीशिवाय वकील नेमू नका. आधी झालेली फी बहुतेक कंपन्या देत नाहीत.

तुमच्या आठवणीतला घटनाक्रम आजच स्वतःसाठी लिहून ठेवा: वारा, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) सूचना, कोणी कोणता कॉल केला, आधीचे किती सेक्टर (उड्डाणं) झाले होते, झोप किती झाली होती. तो कागद वकिलासाठी आहे असं वर लिहा आणि वकिलालाच द्या. रोस्टर, ड्युटीच्या वेळा आणि त्या तारखेला लागू असलेली मॅन्युअलची आवृत्ती या गोष्टी तुम्हाला रीतसर उपलब्ध असतील तर त्यांची नोंद ठेवा, कारण रोस्टरवरून काढलं की त्याच संध्याकाळी ईमेल आणि टॅबलेट बंद होतो. पण कंपनीचा गोपनीय डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका. मूळ अप्रोचचा आरोप टिकला नाही, पण डेटा बाहेर नेल्याचा दुसरा आरोप टिकला, असं होतं. आणि त्या फ्लाइटच्या कॅप्टनशी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपण काय सांगायचं’ ही चर्चा तर मुळीच नको. तुमचं बोलणं कितीही निरागस असो, वाचणाऱ्याला ते जुळवाजुळव वाटतं.

पुढे प्रकरण वाढलं तर एखाद्या दिवशी कोणीतरी आपुलकीने सुचवेल की राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील. त्या क्षणी काहीही सही करू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या विमानाला अपघात झाला, त्यानंतर वैमानिकाच्या जुन्या नोंदी नव्या कंपनीला कळायला हव्यात हा आग्रह वाढला. अमेरिकेत २०१० च्या कायद्यातून पायलट रेकॉर्ड्स डेटाबेस आला. तिथे नोकरी संपल्याची आणि कामगिरीशी संबंधित शिस्तभंगाची नोंद जाते आणि पुढची कंपनी ती पाहूनच घेते. जिथे असा डेटाबेस नाही तिथेही अर्जात ‘चौकशी चालू असताना नोकरी सोडली होती का’ हा प्रश्न येतोच. राजीनामा कधीकधी योग्य असतो, पण संदर्भपत्राचा मजकूर, नियामकाला काय कळवलं जाईल आणि नोटीस काळ यांवर लेखी करार झाल्यावर. तडजोडीच्या वाटाघाटींचा खर्च पॉलिसीत येतो का, हेही म्हणूनच विचारायचं. अनेकांची प्रकरणं तिथेच संपतात.

माझा सल्ला असा की युनियनचं सदस्यत्व सोडू नका, ईमेलचं उत्तर विचारून द्या, आणि विमा घ्यायचा तर ईमेल जाहीर करून, अंतर्गत चौकशी समाविष्ट असलेला घ्या. तुमच्या देशात तसा मिळतच नसेल तर हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाका आणि ओळखीतून या विषयाचा एक वकील आत्ताच हेरून ठेवा. तासाभराचा सल्ला घेऊन त्याला तुमचा करार दाखवून ठेवलात तरी बरंच काम होतं.

एक शेवटचं, कारण पुढचा प्रश्न बहुधा हाच असेल: विमा आहे हे कंपनीला सांगायचं का? नाही. ते विचारत नाहीत, तुम्ही सांगू नका. काही पॉलिसींत विम्याचा उल्लेख समोरच्या पक्षाकडे करू नये अशी अटही असते, आणि नसली तरी तुमच्या मागे किती पैसा आहे हे समोरच्याला कळण्यात तुमचा काही फायदा नाही.